अल्पसंख्याक स्कॉलरशिपचा फॉर्म भरायच्या आधी

फॉर्म सुरू व्हायची वाट बघत बसू नका, आधी बँकेत जाऊन या. माझ्या धाकट्या भावाचा फॉर्म कॉलेजमधून पास झाला, पुढे मंजूरही झाला आणि पैसे काही आलेच नाहीत, कारण आधार जोडलेलं होतं शाळेतल्या जुन्या खात्याला आणि ते खातं कधीच बंद पडलेलं, त्या वर्षीच्या फीसाठी अम्मीने कानातले मोडले. म्हणून सांगते, बँकेत नुसतं ‘आधार लिंक आहे’ ऐकून परत फिरू नका, डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला) सीडिंग, म्हणजे आधारची त्या खात्याशी जोडणी, झालंय का हे विचारा, आधारच्या साइटवर ते आपलं आपल्याला पण बघता येतं.

मग उत्पन्नाचा दाखला, तो तहसीलदारांचाच लागतो. निकाल लागले की पुण्यात सेतूमध्ये पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे त्याआधीच अर्ज टाका, सोबत डोमिसाइलचा पण. महाडीबीटीवरच्या (राज्य सरकारची स्कॉलरशिपच्या फॉर्मची साइट) राज्याच्या स्कॉलरशिपला उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे, केंद्राच्या पोस्ट मॅट्रिकला (दहावीनंतरच्या स्कॉलरशिपला) २ लाख होती, तो आकडा डोक्यात ठेवून कित्येक घरं राज्याचा फॉर्म भरतच नाहीत, असं करू नका प्लीज. पीएचडीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२ मध्ये बंद केली तेव्हा फार वाईट वाटलं होतं, निदान जे आहे ते तरी कागदापायी जाऊ नये.

एलसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) धर्म लिहिलाय का बघा, आणि नावाचं स्पेलिंग आधार, मार्कशीट, पासबुक तिन्हीकडे एकच हवं, आमच्यात शेखचीच तीन स्पेलिंगं निघतात. अल्पसंख्याकांत येतात मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, जैन (जैन २०१४ पासून), आणि आपल्या राज्यात ज्यू पण. पण एका वर्षी दोन स्कॉलरशिप घेता येत नाहीत, त्यामुळे बागवान वगैरे ओबीसी दाखला असेल किंवा बौद्ध मुलांकडे एससीचा असेल तर कशात जास्त फी सुटते ते कॉलेजमधल्या स्कॉलरशिपच्या मॅडमना विचारून मगच ठरवा.

फॉर्म सबमिट झाला म्हणजे सुटलो असं नाही, दर आठवड्याला लॉगिन करून बघा, कॉलेजने चूक काढून परत पाठवलेला फॉर्म मुदतीत दुरुस्त नाही केला तर तिथेच पडून राहतो. पुढच्या वर्षी रिन्यूअल पण आपणच करायचं.

कोंढव्यात कुणाला स्कॅनिंगला अडचण असेल तर रविवारी दुपारी ओरिजिनल कागद घेऊन आमच्याकडे या.