घरी शेवटचं आजारपण सांभाळताना या चुका टाळा

"आता आमच्या हातात काही नाही. घरी न्या, सेवा करा." एवढं सांगून पेशंटला घरी पाठवतात. हातात फाइल असते, औषधांची पिशवी असते. सेवा करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगायला मात्र कुणाला वेळ नसतो. घरची माणसं मग जिवापाड राबतात आणि तरीही पेशंट तळमळत राहतो. अशा पेशंटच्या घरी जाऊन देखभाल करणाऱ्या गटाबरोबर मी काम करते. घर बदलतं, गाव बदलतं, चुका त्याच दिसतात. त्या बेफिकिरीमुळे होत नाहीत, भीतीमुळे आणि कुणी नीट न सांगितल्यामुळे होतात. म्हणूनच त्या टाळता येतात.

"अजून ती वेळ आली नाही"

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजार बरा होवो न होवो, पेशंटचा त्रास कमी करणारी देखभाल. ती फक्त शेवटच्या तीन दिवसांसाठी, अशी समजूत घट्ट बसली आहे. आमच्या टीमला फोन येतो तेव्हा पेशंट बहुतेक वेळा ग्लानीत असतो. खरं तर केमो, रेडिएशन चालू असतानाच दुखणं, उलट्या, धाप, झोप न लागणं यावर वेगळा इलाज सुरू करायला हवा. त्यासाठी मूळ उपचार सोडावे लागत नाहीत. आणि हे फक्त कॅन्सरपुरतं नाही. थकलेलं हृदय, निकामी होत चाललेल्या किडन्या, अर्धांगवायू, स्मृतिभ्रंश, वर्षानुवर्षांचा दम्याचा विकार, या सगळ्यांना ही सेवा लागू पडते. मुंबईत टाटा रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून अशा पेशंटना सांभाळतंय, त्यांचंच केंद्र गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७पासून चालू आहे. तुमच्या जिल्ह्यात काय सोय आहे हे जिल्हा रुग्णालयात आणि आशाताईंकडे आजच विचारून ठेवा.

मॉर्फिन कपाटात कुलूपबंद

सगळ्यात जास्त यातना या एका चुकीमुळे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सांगलीकडच्या एका घरात तोंडाच्या कॅन्सरचे काका होते. मॉर्फिनच्या, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या गोळ्या आणलेल्या होत्या, पण त्या दागिन्यांच्या लॉकरमध्ये. काका ओरडायला लागले की काकू कपाट उघडून अर्धी गोळी द्यायच्या. "सवय लागली तर? आणि आत्ताच एवढं दिलं तर पुढे काय देणार?" त्यांच्या दोन्ही शंका मनापासूनच्या होत्या. आम्ही डॉक्टरांशी बोलून भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागच्या पानावर वेळा लिहिल्या: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्री मधे उठवावं लागू नये म्हणून १०ला किती द्यायची तेही लिहिलं. दिलेल्या गोळीसमोर काकूंनी पेनानं टिक करायची. चार-पाच दिवसांनी गेलो तर काका ओट्यावर बसले होते आणि समोर न्हावी दाढी करत होता. आजार तोच होता, गोळीही तीच होती, फक्त ती वेळेवर पोटात जात होती.

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. दुखणं उसळायची वाट पाहत बसलात तर प्रत्येक वेळी गोळी दुखण्याच्या मागे धावत राहते. म्हणून दुखत असो वा नसो, घड्याळ बघून द्यायची. मधेच कळ आली तर किती जादा द्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आज जास्त दिलं तर उद्या काही उरणार नाही, असं या औषधाचं नसतं. दुखणं वाढलं तर डॉक्टर मात्रा वाढवू शकतात. दुखण्यासाठी, देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनची व्यसनासारखी ओढ क्वचितच लागते. योग्य मात्रेत ते मरणही लवकर आणत नाही. धाप लागलेल्या पेशंटलाही थोड्या मात्रेत त्यानं आराम पडतो, हे फार कमी जणांना माहीत असतं.

अडचणी कुठे येतात तेही सांगते. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळतं. याला घाबरून लोक गोळी बंद करतात. हे दोन्ही बहुधा आपोआप कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करायला हवं. चिठ्ठीवर ते नसेल तर विचारा. आठ दिवस शौचाला न झालेला पेशंट पोटदुखीनं तळमळतो आणि घरचे म्हणतात, "बघा, मॉर्फिनचा उपयोग नाही." पेशंट हाक मारूनही जागा होईना, श्वास फार मंदावला किंवा हातपाय झटकायला लागला, तर लगेच डॉक्टरांना कळवा, विशेषतः किडनीचा त्रास असेल तर. गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. फेंटानिलची (त्वचेतून दुखण्याचं औषध देणारी) पट्टी लावली असेल तर तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, औषध एकदम जास्त अंगात भिनतं. उरलेल्या गोळ्या आणि काढलेल्या पट्ट्या मुलांच्या हाती लागू देऊ नका, केंद्रावर परत करा.

"मेडिकलमध्ये मिळतच नाही" ही तक्रार खरी आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, आणि त्याच देशात तिच्यापासून होणारी मॉर्फिनची गोळी मिळवायला कॅन्सरच्या पेशंटचा मुलगा तीन तालुके फिरतो. याची मला मनापासून चीड येते. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्यांचं जंजाळ उभं केलं. २०१४च्या दुरुस्तीनं ते बरंचसं सोडवलं, आता मान्यताप्राप्त रुग्णालयं मॉर्फिन ठेवू शकतात. तेव्हा गल्लीतल्या दुकानात न शोधता, जवळच्या कोणत्या रुग्णालयाला ही मान्यता आहे ते विचारा.

जबरदस्तीचे दोन घास आणि "एक बाटली लावा"

"पोटात काही नाही म्हणून ताकद नाही," असं आई म्हणते, बायको म्हणते. जेवू घालणं ही आपली माया दाखवण्याची रीत आहे, त्यामुळे ताट परत आलं की काळजात कळ उठते. पण शेवटच्या आठवड्यांत शरीरच अन्न नको म्हणतं. तेव्हाची भूक मेलेली असते, पेशंटला उपासमारीची जाणीव नसते. नाक दाबून भरवलेली पेज श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. मागेल तेव्हा, मागेल ते, चमचाभर द्या. एका आजींना फक्त आमसुलाचं सार हवं असायचं, दोन चमचे. तेवढं पुरे होतं.

सलाइनचंही तसंच. उलट्या-जुलाबानं पाणी कमी झालं असेल तर बाटलीचा उपयोग होतो, ते डॉक्टर ठरवतील. अगदी शेवटच्या दिवसांत मात्र ते पाणी शरीराला पेलत नाही. हातपाय सुजतात, छातीत पाणी होतं, घशात घरघर वाढते. पेशंटला त्रास देते ती तोंडाची कोरड. तिच्यावर उपाय सोपा आहे: स्वच्छ ओल्या गॉजनं किंवा मऊ ब्रशनं दर एक-दोन तासांनी तोंड पुसायचं, ओठांना तूप लावायचं. ऑक्सिजन चालू असेल तर मात्र तेलकट काही लावू नका. घरातल्या कुणालाही जमेल असं हे काम आहे.

इथेच एक नाजूक गोष्ट. बेशुद्ध पेशंटच्या तोंडात गंगाजल ओततात. त्याला गिळता येत नसतं, ते थेट श्वासात जातं आणि तो घुसमटतो. विधी सोडायची गरज नाही. मान एका कुशीला वळवा, बोट बुडवून ओठ ओले करा, तुळशीचं पान ओठांवर ठेवा.

"बाबांना सांगू नका हं"

दारातच मुलगा हात जोडून हे सांगतो. आत बाबा आम्हाला हळूच सांगतात, "मला कळलंय, पण पोरांना सांगू नका, खचतील." दोन्ही बाजू एकमेकांना जपता जपता दोन्ही एकट्या पडतात. दागिने कुणाला द्यायचे, बँकेतलं खातं कुणाच्या नावावर करायचं, दुरावलेल्या भावाला एकदा बोलवायचं, हे सगळं राहून जातं.

सगळं एकदम सांगून टाका असं मी म्हणत नाही. तुमचा आजार कसा चाललाय असं तुम्हाला वाटतं, असं विचारा आणि गप्प राहा. ते जेवढं विचारतील तेवढ्याचंच खरं उत्तर द्या. "छे, पुढच्या महिन्यात तुम्ही फिरायला लागाल" असं म्हणालात की ते दार बंद होतं. बोलायला जमत नसेल तर टीममधल्या नर्सला किंवा समाजसेवकाला सोबत बसवा.

व्हेंटिलेटर नको, शेवट घरीच हवा, अशी इच्छा असेल तर पेशंट शुद्धीत असतानाच ती कागदावर उतरवा. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ला सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला. २०२३मध्ये असा कागद करण्याची प्रक्रियाही सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्या वतीनं कोण निर्णय घेईल त्याचं नाव त्यात लिहा आणि एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे ठेवा.

खोलीत कुणी जाईनासं होतं

कुजलेल्या जखमेचा वास हे त्याचं कारण असतं, पण कुणी बोलत नाही. नातवंडं दारातूनच परततात, आणि पेशंटला ते दिसतं. उदबत्त्या लावून वास जात नाही. मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाची गोळी कुटून जखमेवर भुरभुरवली की बहुतेक वेळा वास बराच कमी होतो. किती आणि कशी ते नर्सकडून शिकून घ्या. गाठीतून रक्त येण्याची शक्यता असेल तर उशाशी गडद रंगाचा टॉवेल ठेवा, पांढऱ्यावरचं रक्त बघून पेशंट आणि घरचे दोघंही हादरतात. पाठीच्या जखमा टाळायला दर दोन तासांनी कूस बदला. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलणं थांबवू नका.

शेवटच्या रात्रीची धावपळ

श्वास मधेच थांबतो, परत सुरू होतो. घशात घरघर लागते. हातपाय गार, निळसर होतात. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून रात्री दोनला १०८ला फोन जातो आणि माणूस स्ट्रेचरवर नाहीतर आयसीयूत, नळ्या लावलेल्या अवस्थेत जातो. ही मरणाची नेहमीची लक्षणं आहेत. घरघर ऐकणाऱ्याला असह्य होते, पेशंटला बहुधा तिची जाणीव नसते. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा. ती कमी करायचं औषध टीमकडून आधीच घेऊन ठेवा. वेदना, झटके, रक्तस्राव असेल तर फोन करा, पण तो कुणाला करायचा हे आधी ठरलेलं हवं. नंबर दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत चिकटवा. घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा दाखला कोण देणार, हेही फॅमिली डॉक्टरांना आधीच विचारा. अनोळखी डॉक्टर सही करत नाही आणि पहाटे घरच्यांची फरफट होते. नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची असते.

शेजाऱ्यांनी उशिरा येणं

आपल्याकडे माणूस गेला की तासाभरात सगळं उभं राहतं. कुणी बांबू आणतो, कुणी गावोगाव फोन लावतो, कुणाच्या घरून पिठलं-भात येतो. घरच्यांना चूल पेटवावी लागत नाही. एवढी तयार माणसं आपल्या आळीत आहेत. तीच माणसं महिनाभर आधी आली तर त्या घराचं चित्र पालटेल.

केरळनं हेच केलं. १९९३मध्ये कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सहकाऱ्यांबरोबर एक छोटं केंद्र सुरू केलं. दवाखाना पुरा पडणार नाही हे लक्षात आल्यावर काम वस्तीवर नेलं. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, कॉलेजची मुलं आठवड्याचे दोन-दोन तास द्यायला लागली. प्रशिक्षण घेऊन पेशंटच्या घरी जायचं, अडचण नर्सच्या कानावर घालायची, घरात तांदूळ नसतील तर तेही बघायचं. पैसे लोकांच्या लहान लहान देणग्यांतून उभे राहिले. सरकारनं २००८मध्ये राज्याचं धोरण केलं, तेव्हा हे जाळं आधीच विणलेलं होतं. आपल्याकडे भजनी मंडळं, बचतगट, गणेश मंडळं आहेत. माणसांची वाण नाही.

भेटायला जाणाऱ्यांसाठी थोडं स्पष्ट लिहिते. "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कुणीही सांगत नाही. "मंगळवारी दुपारी दोन ते पाच मी बसते, तू झोप," असं म्हणा. रात्रपाळी वाटून घ्या, व्हॉट्सॲपवर तक्ता टाका. "अमक्या वैद्याकडे नेलं होतं का?" हा प्रश्न गिळून टाका, त्यानं घरच्यांच्या मनात अपराध पेरला जातो. पेशंटसमोर त्याच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलू नका. ग्लानीतही ऐकू येत असण्याची शक्यता असते. मुख्य म्हणजे राबते कोण ते बघा. बहुतेक घरांत ती एकच बाई असते, सून, बायको नाहीतर मुलगी. तिची पाठ, तिचं बीपी, तिची झोप कुणी विचारत नाही.

तेराव्यानंतर घर एकदम रिकामं होतं. दर दोन तासांनी कूस बदलायला उठणारी ती बाई नंतरही कित्येक आठवडे रात्री दचकून जागी होते. महिनाभरानं जा, चार महिन्यांनी जा. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला, तिला रडू आलं तर विषय बदलू नका. ती जेवत-झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं म्हणत असेल, तर तिला डॉक्टरांकडे एकटीला पाठवू नका, तुम्ही सोबत जा.