अमेरिकेतल्या सरकारी शाळेत मुलाला वंशावरून वेगळी वागणूक मिळाली, तर काय करावे

लंचच्या रांगेत दोन मुलांची ढकलाढकली होते. एकाला समज देऊन सोडतात, दुसऱ्याच्या हाती तीन दिवसांचं सस्पेन्शन. हा दुसरा अनेकदा कोण असतो? सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालानुसार, २०१३-१४ मध्ये सरकारी शाळांत कृष्णवर्णीय मुलं १५.५ टक्के होती, सस्पेंड झालेल्यांत मात्र सुमारे ३९ टक्के. कधी तो आपला मुलगाही असतो, आणि घरात सूर निघतो, 'जाऊ दे, आपण परक्या देशात.' पण १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टचं टायटल सिक्स, म्हणजे या नागरी हक्क कायद्याचा सहावा भाग, केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेला लागू आहे. वंश, रंग, मूळ देश यांवरून भेद करायला त्यात मनाई आहे, आणि तक्रारीला नागरिकत्वाची अट नाही.

त्याच संध्याकाळी प्रिन्सिपलना ईमेल करा. फोनवरचं बोलणं हवेत विरतं. 'तुम्ही वंशभेदी आहात' असं लिहू नका, घटना लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, कोण नेमकं काय म्हणालं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: 'त्याच रांगेत तेच करणाऱ्या दुसऱ्या मुलाला फक्त समज मिळाली. शिक्षेत हा फरक का?' सारख्याच वागण्याला वेगळी शिक्षा, हा तक्रारीचा कणा. तो नसेल तर प्रकरण सहसा 'गैरसमज' म्हणून मिटवलं जातं.

सस्पेन्शन असेल तर आरोप काय, पुरावा काय हे विचारा आणि मुलाची बाजू ऐकवा. ही शाळेची मेहेरबानी नव्हे. ओहायोतल्या कोलंबसमध्ये जेवणघरातल्या गोंधळावरून ड्वाइट लोपेझला सस्पेंड केलं होतं. तो म्हणत होता, मी नुसता उभा होतो. त्याचं ऐकलंच नव्हतं. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलाही आरोप सांगणं आणि मुलाचं ऐकणं भाग आहे.

मुलाची शाळेतली कागदपत्रं पाहायला मागा. फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयीच्या केंद्रीय कायद्याने ती ४५ दिवसांत दाखवावी लागतात. आजीआजोबा मुलाला सांभाळत असतील, इंग्रजी अडत असेल, तर दुभाषा मागा. तो शाळेनेच, विनामूल्य द्यायचा असतो. नातवाला दुभाषा करू नका.

स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडे, दाद मागूनही काही हललं नाही, तर केंद्रीय शिक्षण खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. मुदत मात्र घटनेपासून १८० दिवस, आणि शाळेशी चाललेल्या पत्रव्यवहारात ती भुर्रकन संपते. २०२५ मध्ये या ऑफिसची बारापैकी सात प्रादेशिक कार्यालयं बंद झाली, त्यामुळे निकालाची घाई धरू नका. राज्याच्या शिक्षण खात्याकडेही काही सोय आहे का, ते पाहा.

एक मर्यादा. गरीब वस्तीतल्या शाळेला कमी पैसा मिळतो, ही तक्रार केंद्राच्या पातळीवर चालत नाही. १९७३ च्या रॉड्रिग्ज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो दरवाजा बंद केला. माझ्या मते मूळ दुखणं तिथेच आहे, पण ती लढाई राज्याच्या न्यायालयांत आणि विधिमंडळात लढावी लागते.

तक्रारीनंतर मुलाला अचानक संघातून वगळलं, गुण घसरले, तर तेही तारखेसह नोंदवा. सूड उगवणं हा स्वतंत्र कायदेभंग आहे आणि त्याची वेगळी तक्रार करता येते.