या चुका टाळा: अठराव्या वर्षाच्या तोंडावर असलेल्या मुलांची तपासणी

खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव, कुठंही जा आणि बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या फायली उघडून बघा. आत एक बुद्ध्यांक सापडतो, अपंगत्वाची एक टक्केवारी सापडते आणि कुणीतरी घाईघाईत भरलेला एखादा फॉर्म. मूल उदास आहे का, कशाला घाबरतंय, शाळा सुटल्यावर दिवस कसा काढणार, फिटची गोळी स्वतःहून घेईल का, यातलं काहीच त्या फायलीतून कळत नाही. या भागात विशेष शिक्षिका म्हणून काम करताना त्याच चुका दरवर्षी नव्या हातांनी झालेल्या मी बघते. पदविकेचे विद्यार्थी येतात, मानसशास्त्रात एम.ए. करणारी मुलं येतात, सर्वेक्षणवाले येतात. हेतू चांगला असतो, पण संध्याकाळच्या बसआधी सगळे फॉर्म संपवायचे असतात. पालकांनीही हे वाचावं, कारण फॉर्म भरणाऱ्याला "थांबा" म्हणायचा हक्क त्यांना आहे.

"ते तसंच आहे की पहिल्यापासून"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मूल जेवेना, झोपेना, स्वतःला मारून घ्यायला लागलं, की "बुद्धी कमी आहे ना, त्यामुळं" असं म्हणून मोकळं व्हायचं. अमेरिकेत रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हे नीट दाखवलं होतं. त्रासाचं वर्णन तेच ठेवलं आणि फक्त त्या माणसाला बौद्धिक अक्षमता आहे एवढं जोडलं, तर तज्ज्ञांनासुद्धा तो मानसिक आजार कमी वाटला. तज्ज्ञांचं असं होत असेल, तर पहिल्यांदाच फॉर्म हातात घेतलेल्या पोराचं काय होईल?

जांबोटीच्या बाजूला एका खेड्यात सतरा वर्षांचा एक मुलगा होता. आज्जाबरोबर रोज पिठाच्या गिरणीत जायचा. वाचता येत नव्हतं, पण कुठला डबा कुणाच्या घरचा हे त्याला बरोबर माहीत. एका पावसाळ्यानंतर गिरणीत जाणं बंद झालं. रात्रभर जागा, ताटातलं निम्मं तसंच, आणि उजव्या गालावर स्वतःच्याच बुक्क्या. घरच्यांनी एका केंद्रात नेलं. तिथल्या नव्या तपासनीसानं वर्तन-समस्यांची यादी भरली, आकडा मोठा आला, आणि अहवालात लिहिलं, "बौद्धिक अक्षमतेमुळे स्वतःला इजा करणे." उपाय काय, तर बुक्की मारली की लक्ष द्यायचं नाही, नाही मारली तर चॉकलेट द्यायचं. आई बिचारी काळजावर दगड ठेवून तसं करत राहिली.

मी घरी गेले तेव्हा तो जेवत होता. भाकरी दुधात कुस्करून फक्त डाव्या बाजूनं चावत होता. गार पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि डोळ्यांत पाणी आलं. दाताच्या डॉक्टरांकडं नेलं तर उजवीकडची दाढ किडून हिरडीत पू झालेला. दाढ काढली, जखम भरली आणि बुक्क्या थांबल्या.

झोप आणि जेवण मात्र परत आलं नाही. संध्याकाळची बस यायच्या वेळी तो दारात येऊन उभा राहायचा आणि बस निघून गेली की आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडायचा. कारण शेजारच्या काकूंनी सांगितलं. त्या पावसाळ्यात आज्जा वारला होता. ह्याला काही कळणार नाही म्हणून मातीला नेलं नाही. "आज्जा बेळगावला दवाखान्यात गेलाय, येईल" एवढंच सांगितलं होतं. तो त्या बसची वाट बघत होता. भरलेल्या यादीत या गोष्टीला रकानाच नव्हता आणि भरणाऱ्यानं विचारलंही नव्हतं.

मग त्याला खरं सांगितलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आज्जाला दहन केलं त्या ठिकाणी वडील घेऊन गेले. मनोविकारतज्ज्ञांचे उपचार सुरू झाले. आता तो सकाळच्या वेळी गिरणीत जातो. पावसाळा आला की झोप अजून बिघडते.

म्हणून कुठलीही मापनपट्टी काढायच्या आधी मी तीन गोष्टी विचारते: आधी मूल कसं होतं, कधीपासून बदललं, आणि त्या सुमाराला घरात काय घडलं. शेजाऱ्याचं मूल कसं वागतं किंवा पुस्तकात काय लिहिलंय हे त्यानंतर. तुलना करायची ती त्याच मुलाच्या चांगल्या दिवसांशी. आणि मनाआधी शरीर बघायचं: दात, कान, पोट साफ होतं का, झोप, फिट. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी झालीय का हे विचारा, कारण थायरॉइड कमी पडलं तरी मूल सुस्त आणि उदास दिसतं. फिटच्या औषधांपैकी फेनोबार्बिटोन आणि लेव्हेटिरासेटाम यांनी काही मुलं भयंकर चिडचिडी होतात. औषध कधी बदललं ती तारीख आणि वर्तन बिघडलं ती तारीख शेजारी शेजारी लिहा. औषध आपल्या मनानं बंद मात्र करू नका, डॉक्टरांना दाखवा. मुलींच्या बाबतीत पाळीच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्याशिवाय "महिन्यातून काही दिवस आक्रमक" असलं वाक्य लिहूच नका.

प्रत्येक प्रश्नाला "हो"

बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक मुलांना लहानपणापासून एक गोष्ट पक्की शिकवलेली असते: मोठ्यांना नाही म्हणायचं नाही. त्यामुळं "तुला वाईट वाटतं का?" हो. "तू खूश आहेस का?" हो. नवशिका दोन्ही टिपून घेतो आणि बेरीज करतो. "हे की ते?" विचारलं, तर शेवटचं कानावर पडलेलं उत्तर येतं.

मी सुरुवातीलाच दोन-चार भलते प्रश्न घालते. "काल तू विमानातून आलास?" "तुझ्या घरात हत्ती आहे?" यालाही हो आलं, तर पुढं हो-नाहीचे प्रश्न बंद. मग फोटो लागतात. पिवळे हसरे-रडके चेहरे नाहीत, त्याच्याच घरातल्या माणसांचे, शाळेचे, बसचे. कुठला फोटो तो बाजूला सारतो हे बघायचं. समजेल तिथं ग्लासगोची नैराश्य मापनपट्टी बरी पडते. ती बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांसाठीच बनवलेली आहे: वीस प्रश्न त्याला स्वतःला आणि सोळा प्रश्नांची वेगळी पुरवणी सांभाळणाऱ्यासाठी. दोन्ही वेगवेगळ्या बसून भरायच्या.

ही वेगळ्या बसण्याची गोष्ट कुणी पाळत नाही. आई शेजारी असते, प्रश्न मुलाला असतो, आणि उत्तर येतं, "त्याला काय कळणार टीचर, मीच सांगते की." आईचं चुकत नाही, आयुष्यभर तिलाच बोलावं लागलंय. पण आईला झोप, भूक, रडणं दिसतं. आतली भीती दिसेलच असं नाही, आणि कधी कधी ती भीती घरातल्याच कुणाची तरी असते. मी आईला चहाच्या निमित्तानं आत पाठवते आणि मुलाबरोबर शेंगा सोलत बसते. हात कामात असले की तोंड उघडतं. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर सरासरी काढू नका. दोन्ही लिहा. फरक कुठं आहे तेच महत्त्वाचं असतं.

काळाचं भान हा आणखी एक खड्डा. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, एसडीक्यू या मुलांच्या भावना आणि वर्तनाच्या प्रश्नावलीत गेल्या सहा महिन्यांबद्दल. ज्या मुलाला कालचं आणि परवाचं वेगळं करता येत नाही त्याला हे काय समजणार? दोन आठवडे म्हणजे गेले दोन बाजार. सहा महिने म्हणजे गणपतीपासून, नाहीतर यल्लम्माच्या जत्रेपासून. आणि पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांना, "हो" आलं तर फॉर्म तिथंच बाजूला ठेवा. ते हो खरं की सवयीचं हे त्याच दिवशी पाहा, मुलाला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

"येत नाही" की "करूच दिलं नाही"?

पुढच्या आयुष्याची तयारी मोजताना सगळी गडबड इथं होते. अमेरिकेत तयार झालेली टीआरएक्यू नावाची वीस प्रश्नांची यादी आता इकडंही फिरते. औषधं सांभाळणं, डॉक्टरांची वेळ घेणं, तब्येतीची नोंद ठेवणं, डॉक्टरांशी बोलणं, रोजची कामं असे तिचे पाच भाग आहेत. "मला येत नाही" पासून "गरज पडली की नेहमी करतो" पर्यंत पाच पायऱ्या. पायऱ्यांची कल्पना चांगली आहे. पण आपल्याकडं चिठ्ठी वडिलांच्या खिशात, गोळ्या आईच्या डब्यात, आणि डॉक्टर बोलणार काकांशी. मुलाच्या हातात काही गेलंच नाही, तर तो पहिल्याच पायरीवर दिसणार. त्या आकड्यातून मुलाची तयारी कळत नाही, घरानं त्याला किती संधी दिली ते कळतं.

माझ्या वहीत प्रत्येक कामापुढं तीन रकाने असतात: करतो, दाखवलं तर करतो, कधी करूच दिलं नाही. तिसरा रकाना भरला की मी गुण लिहीत नाही. ते काम महिनाभर करायला देते आणि मग बघते. घाईतल्या लोकांना हा महिना परवडत नाही. नसेल परवडत तर रकाना मोकळा सोडा, शून्य टाकू नका.

बसचं उदाहरण घ्या. यादीत असतं, "पाटी वाचून योग्य बस पकडतो." मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या मुलापुढं गावाकडच्या बसची पाटी कन्नडमध्ये असते. त्याला शून्य मिळतं. पण तोच मुलगा खानापूर स्टँडवर बस कुठं लागते, गावातली कोण माणसं चढतात, कंडक्टर कुठल्या गावाचं नाव ओरडतो यावरून रोज बरोबर घरी पोचतो. मग त्याला येतं की नाही? मी त्याच्यामागं दोन सीट सोडून बसते आणि बघते. मुलींचं आणखी वेगळं. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकामुलींना साध्या बसचा प्रवास फुकट आहे, म्हणून "पैसे देऊन तिकीट काढते" हे बसमध्ये तपासताच येत नाही. ती ओळखपत्र काढून दाखवते का, शून्याचं तिकीट उतरेपर्यंत सांभाळते का, हे बघा. पैशाचा हिशेब बघायचा तर दुकानात पाठवा.

गोळ्यांचंही असंच. एक मुलगी रोज रात्री आपली पांढरी गोळी आपण घ्यायची. मेडिकलवाल्यानं तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं, गोळी गुलाबी निघाली, आणि तिनं तोंड घट्ट मिटलं. नोंद झाली, "औषध घेण्यास विरोध." अनोळखी गोळी तोंडात घालायची नाही हे तिला कळत होतं! याच्याइतकी तयारी आणखी कुठली हवी? तिला जुनं आणि नवं पाकीट शेजारी ठेवून दाखवलं, डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, आणि तिनं घेतली.

बाकीच्या, थोडक्यात

व्हाइनलँड या रोजच्या वागण्यातली समज मोजणाऱ्या पट्टीची नागपूरच्या मालिन यांनी बेतलेली भारतीय आवृत्ती पंधरा वर्षांपर्यंतची आहे. एकोणीस वर्षांच्या माणसाला ती लावून "सामाजिक वय" काढू नका.

एसडीक्यूच्या पंचवीस प्रश्नांतले मदत-आपुलकीचे पाच प्रश्न अडचणींच्या बेरजेत धरत नाहीत. एकूण चाळीसपैकीच येते. ही चूक मला भरलेल्या फॉर्मांत सारखी सापडते.

फिट येऊन गेल्यावर लगेच, जत्रेच्या धांदलीत किंवा औषध बदललेल्या आठवड्यात मोजणी करू नका.

फॉर्म कन्नड, घर मराठी, आणि विचारणारा जागेवर मनानं भाषांतर करतोय, असं असेल तर प्रत्येक मुलाला वेगळाच प्रश्न विचारला जातो. आदल्या दिवशी बसून वाक्यं ठरवा आणि गावच्या बोलीत दोघा-तिघांना वाचून दाखवा.

यूडीआयडी कार्डावरची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरची, टक्केवारी म्हणजे तयारीचं माप नव्हे. ७५ टक्क्यांचा मुलगा चुलत्याच्या दुकानात बसतो आणि ५० टक्क्यांची मुलगी घराबाहेर पडलेली नसते, असं मी बघते.

"दिव्यांग प्रमाणपत्र आहे, म्हणजे मानसिक आजाराचंही झालं," हा पालकांचा गैरसमज आणि काही कार्यकर्त्यांचाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत बौद्धिक अक्षमता येत नाही. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच मुलाला असू शकतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या बघाव्या लागतात.

एक शेवटची चूक मात्र थोडक्यात आटपण्यासारखी नाही. अठरा पूर्ण होत आले की घरचे पालकत्वाच्या कागदासाठी धावपळ करतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं जातो आणि त्याला आपले अहवाल जोडले जातात. तिथं नवीन माणूस बिनधास्त लिहून टाकतो, "स्वतःचे कोणतेही निर्णय घेऊ शकत नाही." हे वाक्य त्या मुलाला आयुष्यभर चिकटतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे, ज्यात पालक आणि ती व्यक्ती मिळून निर्णय घेतात. म्हणून निर्णय वेगवेगळे करून लिहा. कपडे कुठले, कुणाकडं राहायला जायचं, कामाला जायचं का, डॉक्टरांना काय सांगायचं, हे तो ठरवतो. बँकेच्या सहीला सोबत लागते. जमिनीच्या कागदाला जास्त आधार लागतो. प्रत्येकापुढं आपण काय पाहिलं ते एका ओळीत लिहा, तारीख घाला, आणि घरच्यांना वाचता येईल अशा भाषेतली एक प्रत त्यांच्या हातात द्या. गावच्या व्हीआरडब्ल्यूंकडंही, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या ग्राम पुनर्वसन कार्यकर्त्यांकडंही, एक प्रत ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी येणारा माणूस पहिल्यापासून सुरुवात करणार नाही.