आयसीपीमध्ये प्लाझ्मा पेटतो कसा आणि सॅम्पल आत सोडायचं कसं

आयसीपीवर (इंडक्टिव्हली कपल्ड प्लाझ्मा, सॅम्पलमधली मूलद्रव्यं मोजणारं मशीन) नवीन बसणारा प्रत्येकजण आधी प्लाझ्माकडे, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटलेल्या तापलेल्या गॅसकडे बघतो, पण रीडिंग बिघडतं ते बहुतेक वेळा त्याच्या अलीकडे, पंपाची नळी, नेब्युलायझर (द्रवाचे तुषार करणारा भाग), ड्रेन (उरलेलं द्रव बाहेर नेणारी वाट) इथे. तरी सुरुवात प्लाझ्मापासूनच करू, म्हणजे पुढचं नीट कळेल.

प्लाझ्मा जिथे पेटतो तो टॉर्च म्हणजे एकात एक बसवलेल्या तीन नळ्या, सहसा क्वार्ट्झच्या. सगळ्यात बाहेरून मिनिटाला साधारण 12 ते 15 लिटर आर्गॉन गोल फिरत जातो, तो नसेल तर क्वार्ट्झ वितळेल. मधला अर्धा-एक लिटर प्लाझ्माला इंजेक्टरच्या (सगळ्यात आतल्या नळीच्या) टोकापासून वर धरून ठेवतो, आणि आतल्या इंजेक्टरमधून तेवढाच आर्गॉन सॅम्पल घेऊन येतो. टॉर्चच्या तोंडाशी तांब्याची कॉइल, तिच्यात 27 किंवा 40 मेगाहर्ट्झचा आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीचा प्रवाह), पॉवर हजार ते पंधराशे वॅट. पण नुसत्या आरएफने काही होत नाही, आधी ठिणगी लागते. ठिणगीने थोडे इलेक्ट्रॉन सुटतात, कॉइलचं क्षेत्र त्यांना गरगर फिरवतं, ते आर्गॉनच्या अणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन काढतात आणि क्षणात 6000 ते 10000 केल्विनचा प्लाझ्मा उभा राहतो. इंडक्शन शेगडीवर भांड्याचा तळ तापतो ना, तसंच, फक्त इथे भांड्याच्या जागी गॅस आहे.

पेटत नसेल तर सारखं इग्निशन दाबत बसू नका. कुठूनतरी हवा शिरतेय का बघा (ओ-रिंग, स्प्रे चेंबरचा जोड), टॉर्च ओला आहे का, आर्गॉनचं प्रेशर आहे का, आणि चार-पाच मिनिटं पर्ज होऊ द्या, म्हणजे आर्गॉनने आतली हवा निघून जाईल. एक्झॉस्ट चालू हवाच, आणि उघड्या डोळ्यांनी प्लाझ्माकडे बघायचं नाही, यूव्ही असतो.

आता सॅम्पल. पंप मिनिटाला साधारण एक मिली द्रव नेब्युलायझरकडे ढकलतो, तिथे आर्गॉन त्याचे तुषार करतो, स्प्रे चेंबरमध्ये मोठे थेंब गळून पडतात आणि साधारण दहा मायक्रॉनच्या खालचेच पुढे जातात. म्हणजे शंभरातले जेमतेम दोन-तीन भाग प्लाझ्मात पोचतात, बाकी सगळं ड्रेनमध्ये! म्हणूनच ड्रेन एवढा महत्त्वाचा, तिथे पाणी साचलं की चेंबरमधलं प्रेशर हलतं, रीडिंग वरखाली नाचतं, कधी प्लाझ्माच विझतो.

पंपाचा क्लॅम्प लावताना नळीत हवेचा एक बुडबुडा सोडा. स्क्रू ढिला करत बुडबुडा थांबेपर्यंत न्या, मग हळूहळू आवळा, बुडबुडा झटके न देता सरळ चालायला लागला की किंचित आवळून थांबा. जास्त आवळलात तर नळी लवकर मरते.

सॅम्पल गाळूनच लावा, काचेच्या कॉन्सेंट्रिक (एकात एक नळीच्या) नेब्युलायझरचं तोंड बारीक असतं, क्षार किंवा कण लगेच अडकतात. अडकलं तर तार अजिबात घालू नका, अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्येही टाकू नका, उलट्या दिशेने पाणी सोडून काढा. सॅम्पलमध्ये एचएफ (हायड्रोफ्लोरिक आम्ल) असेल तर काच आणि क्वार्ट्झ दोन्ही खाल्लं जातं, तिथे पीएफएचा (टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकचा) नेब्युलायझर-चेंबर आणि अॅल्युमिनासारखा एचएफला टिकणारा इंजेक्टर लागतो.

पेटवल्यावर अर्धा तास स्थिर होऊ द्या, मगच कॅलिब्रेशन. काम संपलं की पाच मिनिटं दोन टक्के नायट्रिक आम्ल, मग डीआय (क्षार काढलेलं) पाणी, मग प्लाझ्मा बंद, आणि ड्रेन रिकामा झाला की पंपाचे क्लॅम्प सोडून ठेवा, नाहीतर नळी रात्रभर दबून चपटी होते.