कागदाच्या थरांतले कासव : नवोदितांसाठी एक अनुभव

शाळेतले कातरकाम आणि दिवाळीतले आकाशकंदील एवढ्या भांडवलावर मी थरांच्या कागदी चित्रांकडे, म्हणजे कातरलेले कागद थोड्या अंतराने एकावर एक बसवून केलेल्या चित्रांकडे, वळलो आणि पहिल्याच कामासाठी समुद्री कासव निवडले. चित्र पूर्ण झाल्यावर ते रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे कासवांच्या घरट्यांची राखण करणाऱ्या एका गृहस्थांना दाखवले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “हे कुठले कासव?” वेळासला अंडी घालायला येते ते ऑलिव्ह रिडले, आणि त्याच्या पाठीवर मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना सहसा सहा किंवा अधिक खवले असतात, मी प्रत्येक बाजूला चारच कातरले होते, म्हणजे ती पाठ हिरव्या कासवाची होती. तेव्हापासून प्राण्याची पुरेशी छायाचित्रे पाहून खवले, पर, भुजा मोजल्याशिवाय मी पाते हाती घेत नाही.

तरीही सुरुवातीला कासवच घ्यावे, असे मी सांगेन. थराच्या चित्रात प्रत्येक कागद अखंड राहायला हवा. जे कापून काढायचे त्यापेक्षा जे जोडलेले ठेवायचे त्याचाच विचार अधिक करावा लागतो. कासवाच्या खवल्यांमधल्या रेषा दोन मिलिमीटर रुंदीच्या ठेवल्या की त्यांची आपोआप जाळी होते आणि ती जाळीच कागद सांभाळते. जेलीफिशचे लोंबते धागे मात्र एका टोकाला मोकळे असल्यामुळे हात जरा घसरला की तुटतात. माझे तीन कागद त्यातच वाया गेले.

साहित्य मोजके लागते. कापायच्या थरांसाठी १२० ते १८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद, कागद कापायच्या चाकूचे अकरा क्रमांकाचे टोकदार पाते, कटिंग मॅट, आणि थरांमध्ये अंतर ठेवण्यासाठी दोन-तीन मिलिमीटर जाडीची फोम टेप. पाते बदलण्यात काटकसर करू नये, कारण बोथट पाते कागद कापत नाही, ओरबाडते. आराखडा कागदाच्या मागच्या बाजूला उलटा काढावा, म्हणजे पेन्सिलीच्या खुणा दर्शनी बाजूला येत नाहीत. आधी आतली बारीक छिद्रे आणि शेवटी बाहेरची कड कापावी, आणि वळणावर पाते न फिरवता कागद फिरवावा.

रंगांचे गणित मला फार उशिरा उमगले. पाण्यात तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषला जातो आणि निळा खोलवर पोहोचतो. म्हणून मागच्या, खोल पाण्याच्या थरात प्रवाळाचा भडक तांबडा कागद लावला, तर चित्रातली सारी खोली नाहीशी होते. तांबूस-केशरी छटा पुढच्या थरापुरत्या ठेवाव्यात. उरलेली खोली सावली देते, आणि त्यासाठी दोन थरांत फट हवी. पहिल्या चित्रात मी पाचही थर डिंकाने थेट एकमेकांवर चिकटवले होते. ते शुभेच्छापत्रासारखे सपाट दिसत होते.

पावसाळ्यात कोकणातल्या हवेत कागद दमट होऊन वाकतो. त्या दिवसांत मी आराखडेच काढतो. जुळवणी आणि खोल चौकटीत बसवण्याचे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करतो.