टाळी मिळाली, मुद्दा मात्र तसाच उभा

वादविवाद स्पर्धेचा साचा तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे जाऊ. कॉलेजचे दोघे, एक अनुकूल, एक प्रतिकूल, विषय आधी दिलेला, घंटेच्या आत संपवायचं. आवाज थरथरतो, हात गार पडतात, पहिलं वाक्य घशात अडकतं. त्याची काळजी नको. तीन-चार स्पर्धांत ते जातं, आणि नाही गेलं तरी समजूतदार परीक्षक त्यासाठी फारसे गुण कापत नाहीत. गुण जातात ते वेगळ्याच ठिकाणी. तिथे कुणी बोट ठेवून दाखवत नाही, म्हणून वर्षानुवर्षं जातच राहतात.

ती जागा म्हणजे खंडन. आणि त्यातली एकच चूक: समोरच्याचं उदाहरण खोडलं की त्याचा मुद्दा खोडला असं वाटणं.

सावकाश पाहू. विषय घ्या, ‘महाविद्यालयातली ७५ टक्के हजेरीची सक्ती रद्द करावी.’ अनुकूल वक्ता म्हणतो, ‘सक्ती रद्द व्हावी, कारण सक्तीमुळे वर्ग आपोआप भरतो आणि चांगलं शिकवण्याचं दडपण उरत नाही. गिऱ्हाईक बांधलेलं असलं की माल सुधारत नाही. आपल्या आवारातलं एकुलतं एक कॅन्टीन बघा!’ तुम्ही उठता आणि म्हणता, ‘महाविद्यालय म्हणजे कॅन्टीन नव्हे, आणि आमचे प्राध्यापक वडापाव विकायला बसलेले नाहीत!’ सभागृह हसतं, मागून शिट्टी येते, तुम्ही खुशीत पुढच्या मुद्द्याकडे वळता.

झालं काय? काहीच नाही. कॅन्टीन पडलं, पण ‘बांधलेलं गिऱ्हाईक’ जागेवरच आहे. समोरचा हुशार असेल तर समारोपात एवढंच म्हणेल, ‘कॅन्टीन सोडा, गावात एकच बस जाते तिची अवस्था बघा.’ तुमची टाळी तिथेच वाया गेली.

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा (काय सिद्ध करायचं ते), हेतू (त्याचं कारण), उदाहरण, उपनय (ते इथे लावून दाखवणं), निगमन (निष्कर्ष). वजन पेलतो तो हेतू. उदाहरण फक्त दाखवतं की असा हेतू असला की असं घडतं. दिवा फोडला म्हणून खोलीतलं सामान नाहीसं होत नाही.

मग वार कुठे करायचा? तीन ठिकाणी, आणि याच क्रमाने.

पहिलं, हेतू मुळात खरा आहे का? चांगलं शिकवण्याचं दडपण फक्त रिकाम्या बाकांमुळेच येतं का? निकाल, विद्यार्थ्यांकडून भरून घेतलेले अभिप्राय, शिक्षकाची स्वतःची लाज, यांचं काय?

दुसरं, हेतू असूनही तसं घडत नाही अशी जागा सापडते का? प्रात्यक्षिकांना हजेरी सक्तीचीच असते, तरी ती व्याख्यानांपेक्षा बरी होतात. म्हणजे गिऱ्हाईक बांधलेलं आहे आणि माल चांगला आहे. अशा डळमळीत हेतूला सव्यभिचार म्हणतात. पाच हेत्वाभासांपैकी, म्हणजे वरवर पटणाऱ्या पण फसव्या हेतूंपैकी, हा एक जरी नीट हाताळता आला, तरी महाविद्यालयीन पातळीवर पुष्कळ झालं.

तिसरं, हेतू खरा मानला तरी सुचवलेला उपाय त्यातून निघतो का? खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलीला घरून शेतावर, दुकानात, पाहुण्यांच्या चहाला बोलावणं येतं, तेव्हा ‘हजेरी भरायची आहे’ हे एकच उत्तर घरात चालतं. सक्ती गेली की शिक्षक सुधारेल की नाही कोण जाणे, ती मुलगी मात्र वर्गातून जाईल.

तिसरा वार सगळ्यात जड, आणि तो एकट्याने बसून सुचत नाही. म्हणून वाद दुसऱ्याशी घालायचा. आपल्या मुद्द्यातलं भोक आपल्याला दिसत नाही, कारण आपणच त्यावर बसलेलो असतो.

आयुर्वेदाच्या चरकसंहितेत, ‘विमानस्थान’ या भागात, वैद्याने वैद्याशी चर्चा करावी असं सांगून तिचे फायदे दिले आहेत. शंका फिटतात, नवीन ऐकायला मिळतं, हे आलंच. पण एक फायदा भलताच व्यवहारी आहे: गुरू प्रसन्न झाला तर जे गूढ शिष्याला हळूहळू सांगतो, ते जिंकण्याच्या भरात प्रतिस्पर्धी एका दमात बोलून टाकतो! मार्गदर्शक मिळत नाही म्हणून अडून बसलेल्यांनी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. आणि स्पष्टच सांगायचं तर, भाषण लिहून देणारे सर हे मार्गदर्शक नव्हेत. त्यांच्या भाषणावर पहिल्या वर्षी करंडक मिळतो, दुसऱ्या वर्षी समोरच्याने अनपेक्षित प्रश्न टाकला की मुलगा पाठ केलेला परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागतो. एआयकडून लिहून घेतलेल्या भाषणाचंही तेच. त्यापेक्षा त्याला तुमच्या विरुद्ध बाजूने बोलायला लावा, म्हणजे निदान कामाला येईल.

आता कागदाची गोष्ट. फुलस्केप कागद आडवा धरून चार रकाने पाडा: हेतू, उदाहरण, माझं उत्तर, राहिलेलं. समोरचा बोलताना पहिले दोनच भरायचे. तिसऱ्याला त्याचं बोलणं संपेपर्यंत हात लावायचा नाही. हे फार जड जातं, पण उत्तर लिहू लागलात की ऐकणं थांबतं आणि नेमका त्याच वेळी त्याचा खरा हेतू निसटतो. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत हरण्याच्या बावीस जागा, म्हणजे निग्रहस्थानं, मोजली आहेत. त्यात अननुभाषण आहे: समोरच्याने तीनदा सांगूनही त्याचं म्हणणं आपल्याला परत मांडता न येणं. म्हणून सरावाचा नियम असा ठेवा: खंडनाआधी त्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा, त्याने ‘हो, हेच’ म्हटल्यावरच पुढे जायचं. स्पर्धेत यासाठी एकच वाक्य मिळतं. सरावात वेळ भरपूर असतो.

त्याच यादीत मतानुज्ञाही आहे. ‘आमच्यात हा दोष असेल, पण तुमच्यातही आहेच की!’ असं म्हणताच आपला दोष आपणच कबूल केलेला असतो. टीव्हीवरच्या चर्चा रात्री नऊपासून यावरच चालतात. वादविवाद शिकायचा म्हणून त्या बघत असाल, तर बंद करा.

सात मिनिटांत मराठीत साधारण आठशे शब्द बसतात, तेही दम न लागता. नऊशेचं भाषण आणलंत तर शेवटची दोन मिनिटं धावपळ, आणि खंडन नेमकं तिथेच असतं. तीन मुद्दे पुरे. शेर आणि चारोळ्यांना मिळून वीस सेकंद, त्याहून जास्त नाही.

स्पर्धेत आपण ज्या बाजूने बोलतो ती आपली नसते, मग हे खोटं नाही का, असं पुष्कळांना टोचतं. टोचू द्या, ते चांगलंच आहे. आपल्या परंपरेने वाद, जल्प आणि वितंडा हे भेद आधीच करून ठेवलेत: सत्य शोधायचा तो वाद, जिंकायचा तो जल्प, स्वतःचं काहीच न मांडता नुसतं पाडायचं ती वितंडा. कोंब जगवायला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसं जल्प-वितंडांचं काम, असं न्यायसूत्रांचा कर्ता म्हणतो. स्पर्धा हा जल्पच आहे. फक्त सराव जल्पाचा करू नका. संध्याकाळी कट्ट्यावर दोघांनी बाजू अदलाबदल करून बसायचं आणि पटलं तर ‘पटलं’ म्हणायचं.

हे ‘पटलं’ म्हणणं सहसा जमत नाही, नवख्यांना तर मुळीच नाही. घटना समितीकडे बघा. ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांवर अत्यंत कडक टीका केली. सभागृहात त्यावर वाद झाला. २२ नोव्हेंबरला के. संथानम यांची ग्रामपंचायतींबद्दलची दुरुस्ती आली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. आजचं कलम ४० ते हेच. खेड्यांविषयीचं त्यांचं मत बदललं असेल-नसेल, मसुदा बदलला. त्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एवढं ऐकून घेणाऱ्याला कुणी कच्चा वक्ता म्हणत नाही.

निकालानंतर लगेच बस पकडू नका. चहाच्या टेबलापाशी समोरच्या संघाला विचारा, ‘आम्ही कुठला मुद्दा काढू अशी तुम्हाला भीती होती?’ स्पर्धा संपलेली असते, त्यामुळे बहुतेक जण खरं सांगतात. तो मुद्दा तुमच्या चौथ्या रकान्यात तिथेच लिहून घ्या. घरी पोहोचेपर्यंत फक्त गुण लक्षात राहतात.