अमेरिकेतलं छोटं गाव आकड्यांवरून आणि नकाशावरून कसं समजून घ्यायचं

मुलाला किंवा सुनेला अमेरिकेत कुठल्यातरी कधी न ऐकलेल्या गावात नोकरी लागते, विशेषतः डॉक्टर मंडळींना, कारण जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी (हॉस्पिटलातलं पदव्युत्तर प्रशिक्षण) केली की दोन वर्षं मायदेशी परत जायची अट असते, ती टाळून तिथेच राहायचं असेल तर एक मोठा मार्ग म्हणजे तीन वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करणं, आणि असे भाग बरेचदा खेड्यातलेच असतात. मग घरचे सगळे गुगल करतात, ‘पॉप्युलेशन १,७३३’ असं दिसतं आणि काळजीत पडतात. तो एक आकडा बघून काहीच ठरवू नका. गाव नीट वाचायची एक पद्धत आहे, ती सांगतो.

पहिली गोष्ट, ‘सिटी’ हा शब्द आकाराचा नाही. तो कायदेशीर दर्जा आहे आणि प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. आयोवा आणि कॅन्ससमध्ये स्वतःचा कारभार असलेलं प्रत्येक गाव सिटीच, मग तिथे पन्नास माणसं असोत की पन्नास हजार. सेन्ससचं (म्हणजे तिथल्या जनगणना खात्याचं) ‘अर्बन’ आणि ‘रुरल’ म्हणजे शहरी आणि ग्रामीण हे परत वेगळंच प्रकरण, २०२० पासून किमान ५,००० लोक किंवा २,००० घरं एकत्र असतील तरच अर्बन, त्याआधी २,५०० लोकांची अट होती. म्हणजे सिटी असून रुरल असणं तिथे अगदी नेहमीचं आहे.

आता आकडे कुठे बघायचे. सेन्ससचं क्विकफॅक्ट्स पान सोपं आहे पण त्यात ५,००० च्या खालची गावं नसतात, आणि लोक तिथे गाव सापडलं नाही की वाटेल त्या साइटवरचा आकडा उचलतात. तसं करू नका, सरळ डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह वर जा आणि गावाच्या नावासोबत राज्याचं नाव टाका, कारण एकाच नावाची गावं डझनभर राज्यांत असतात. पिन कोडवरून मात्र शोधू नका, झिप कोड हा टपाल वाटायच्या सोयीचा असतो, गावाच्या हद्दीशी त्याचा संबंध नाही, आणि पत्त्यात गावाचं नाव असलेली कितीतरी घरं प्रत्यक्षात हद्दीबाहेर शेतात असतात.

पण आकड्यांआधी नकाशा उघडा असं माझं ठाम मत आहे. उदाहरण म्हणून इलिनॉयच्या पार दक्षिण टोकाचं केरो घेऊया (स्पेलिंग इजिप्तच्या कैरोचंच, म्हणून सर्चमध्ये इलिनॉय विसरू नका). नकाशात बघा, गाव एका निमुळत्या टोकावर आहे, एका बाजूला मिसिसिपी, दुसऱ्या बाजूला ओहायो, आणि गावाच्या दक्षिणेला दोन्ही एकत्र येतात. हा राज्यातला सगळ्यात सखल भाग. यूएसजीएस या सरकारी भूसर्वेक्षण संस्थेचे टोपो नकाशे (जमिनीचा चढउतार दाखवणारे) फुकट मिळतात, त्यात गावाभोवती लेव्ही म्हणजे पूर अडवणारे बांध स्पष्ट दिसतात. सेन्ससच्या क्षेत्रफळाच्या रकान्यात जमीन आणि पाणी वेगवेगळं दिलेलं असतं, केरोची जमीन साधारण ७ चौरस मैल आणि पाणी साधारण २. दाटी काढताना फक्त जमीन धरा आणि दर चौरस मैलाला किती माणसं हा आकडा २.५९ ने भागा म्हणजे आपल्याला समजेल असा चौरस किलोमीटरचा आकडा येतो. केरोत तो शंभरच्या आत येतो.

या जागेमुळेच गाव मोठं झालं. वाफेच्या बोटी, मग रेल्वे, १८८९ मध्ये ओहायोवर इलिनॉय सेंट्रलचा पूल. १९२० च्या जनगणनेत लोकसंख्या १५,२०३ होती, २०१० ला २,८३१ आणि २०२० ला १,७३३. म्हणून माझा नियम असा की एक आकडा कधीच बघायचा नाही, शंभर वर्षांची रांग लावायची आणि जिथे मोठी घसरण दिसते तिथे थांबून कारण शोधायचं. केरोत नदीवरची वाहतूक कमी झाली, पुढे इंटरस्टेट ५७ हा महामार्ग गावाला वळसा घालून गेला, हे खरंच, पण १९६० च्या साधारण ९,३०० वरून १९७० ला ६,३०० च्या आसपास आकडा आला त्याचं कारण फक्त रस्ते नाहीत. १९६७ मध्ये एका काळ्या सैनिकाचा पोलिस कोठडीत मृत्यू झाला, गाव पेटलं, १९६९ पासून काळ्या नागरिकांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला कारण तिथे त्यांना नोकऱ्या देत नव्हते, आणि काही दुकानदारांनी नोकऱ्या द्यायच्या ऐवजी दुकानंच बंद केली. हे वाचून मला फार वाईट वाटतं, आणि लोकसंख्येचा तक्ता बघणाऱ्याने हे माहीत करून घेतलंच पाहिजे, नाहीतर तो ‘लोक शहराकडे गेले’ एवढंच म्हणून पुढे जाईल. आज गावात साधारण ७० टक्के लोक काळे आहेत. शेवटची घसरण तर अगदी अलीकडची, २०१७ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने एल्मवुड आणि मॅकब्राइड या दोन मोडकळीला आलेल्या सरकारी वसाहती बंद करायचं जाहीर केलं आणि सुमारे ४०० लोकांना घर सोडावं लागलं, गावात दुसरी घरंच नव्हती त्यामुळे अनेकांना गावही सोडावं लागलं. आता काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आकडा शेजारी ठेवा, केरो ज्यात येतं ती अलेक्झांडर काउंटी २०१० ते २०२० मध्ये ८,२३८ वरून ५,२४० वर आली, त्या दशकात टक्केवारीने देशातली सगळ्यात मोठी घट. म्हणजे माणसं गावातून उठून शेजारच्या शेतावर गेली नाहीत, तो भागच रिकामा होतोय.

याच्या उलट फसवणूक करणारी गावंही असतात, जिथे आकडा स्थिर दिसतो. आयोवातलं ॲनामोसा घ्या, साडेपाच हजारांच्या आसपास लोकवस्ती, पण त्यात राज्याच्या मोठ्या तुरुंगातले कैदीसुद्धा मोजलेले, कारण सेन्सस माणूस जिथे राहतो तिथेच मोजतो. एकेकाळी तिथल्या एका वॉर्डात तेराशेच्या वर कैदी आणि तुरुंगाबाहेरचे रहिवासी साठच्या आत अशी स्थिती होती, आणि २००५ मध्ये तिथला नगरसेवक फक्त दोन मतांवर निवडून आला! नंतर गावाने वॉर्डाची पद्धतच बदलली. हे ओळखायचं कसं, तर ‘ग्रुप क्वार्टर्स’ची (तुरुंग, वसतिगृह अशा सामूहिक जागी राहणाऱ्यांची) ओळ बघा आणि स्त्री-पुरुष प्रमाण बघा. पुरुष एकदम जास्त असतील तर बहुतेक तुरुंग, १८ ते २४ वयाचा फुगा असेल तर कॉलेज. मधलं वय (मीडियन एज, निम्मे लोक त्याहून मोठे आणि निम्मे लहान) पन्नासच्या वर असेल तर तरुण निघून गेलेत, शाळा शेजारच्या गावाशी जोडली गेलीये का ते लगेच तपासा.

खूपच छोटं गाव असेल तर अजून एक काळजी घ्या. २०२० पासून सेन्सस लोकांची ओळख लपवण्यासाठी आकड्यांत मुद्दाम थोडा गोंधळ मिसळतं. नेब्रास्कातल्या मोनोवायमध्ये एकच बाई राहत होती तरी जनगणनेत २ दिसलं ते त्यामुळेच. राज्याची बेरीज अचूक असते, आणि घरांची एकूण संख्याही तशीच ठेवलेली असते, म्हणून छोट्या गावात माणसांपेक्षा घरांच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवा. उत्पन्न, शिक्षण वगैरे एसीएस या सेन्ससच्या नमुना सर्व्हेतून येतं, तिथे पाच वर्षांचाच तक्ता घ्या आणि शेजारचा प्लस-मायनसचा (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याचा) रकाना वाचा. उत्पन्न ४०,००० डॉलर आणि प्लस-मायनस १५,००० असेल तर तो आकडा सोडून द्या आणि काउंटीचा घ्या.

राहायलाच जायचं असेल तर फेमा या केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या पूरनकाशावर घराचा पत्ता टाका, गाव काउंटी सीट आहे का बघा (कोर्ट आणि काउंटीची ऑफिसं तिथेच असतात), आणि जवळचं हॉस्पिटल किती मैलांवर आहे ते गाडीच्या वेळेत मोजा, सरळ रेषेत नाही, नदी मध्ये असेल तर पूल कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. आणि दोन जनगणनांच्या मधली परिस्थिती कळायला सिटी हॉलला फोन करा, क्लार्कला विचारा की पाण्याची चालू कनेक्शन किती आहेत आणि पाच वर्षांपूर्वी किती होती.